बंदुकीचा वाटा

“त्यो कोट काढा, डाक्तर.”

बमू झोरे हे तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी ऐकू न आल्यासारखं केलं आणि कोटाचं वरचं बटणसुद्धा लावून टाकलं. नुकतंच फटफटलं होतं. हेळवाडीच्या वर, धनगरवाड्यात, बमूच्या म्हशींच्या गोठ्यापुढं आम्ही पंधराएक जण जमलो होतो. दसरा होऊन आठवडा झाला होता. खाली भात पिवळं पडायला लागलं होतं आणि रानडुकरांनी त्यातलं अर्धं शिवार लोळून आडवं केलं होतं.

ही गोष्ट त्रेसष्ट सालची. त्या काळी पीक राखायला बंदुकीचा परवाना मिळायचा आणि भात कापणीला येण्याआधी अख्खा गाव रान उठवून डुकराची शिकार करायचा. मी चोवीस वर्षांचा होतो. कोल्हापुरातून या गावात गुरांचा डॉक्टर म्हणून येऊन चार महिने झाले होते. गावचे तातोबा देसाई यांची अडलेली म्हैस मी सोडवली होती, त्या उपकाराच्या भरात त्यांनी मला शिकारीला बोलावलं होतं, आणि वर आपली जुनी एकनळी बंदूकही हातात दिली होती. मग काय, माझा आनंद गगनात मावेना. एका इंग्रजी पुस्तकातलं साहेबाचं चित्र घेऊन मी थेट कोल्हापूर गाठलं आणि शिंप्याकडून कोट शिवून आणला. जाड खाकी कापड, आत कापूस भरलेलं अस्तर, पुढं सहा खिसे, मागं दोन. आठ खिशांत मिळून मी चार काडतुसं आणि एक रुमाल ठेवला होता.

कोटाच्या आत फ्लॅनेलचा सदरा, त्याच्या आत साधा सदरा, त्याच्या आत गंजी. गळ्यात मफलर. डोक्याला आईनं विणून दिलेली कानटोपी. शिवाय आईनं निघताना बजावलं होतं, “डोंगरातलं वारं कानातनं शिरतं बघ.” एवढं सगळं अंगावर चढवून मी उभा होतो, आणि समोर बमू, साठीचा, काटक, कमरेला आखूड धोतर, वर उघडाबंब, खांद्यावर काळी घोंगडी.

“चढण हाय दोन तासाची,” बमू म्हणाला. “घाम येणार. घामानं आतलं भिजलं की वर बसल्यावर मरणाचं गार लागतंय. म्हणून चढताना उघडं चढायचं आन बसल्यावर झाकायचं. आमी उलटं करत न्हाई.”

“बमूदादा, कापसाचं अस्तर आहे,” मी म्हणालो. “थंडी आत यायची नाही.”

“कापूस भिजला की फडकं हुतंय. लोकर भिजली तरी लोकरच.”

तातोबा हसले. “अरे राहू दे की बमू. साहेबाचा कोट हाय, जरा मिरवू दे त्येला.”

पंधरा जण हसले. मग तर कोट काढणं शक्यच नव्हतं. बमूनं माझ्याकडं एकदा पाहिलं, घरात गेला, आणि एक नवी करकरीत घोंगडी घेऊन आला. त्याची बायको ठकूबाई मागोमाग उंबऱ्यापर्यंत आली. गेल्या बाजारात तिनं ती जावयासाठी घेतली होती, हे मला नंतर कळलं.

“ही घ्या,” बमू म्हणाला. “वर गेल्यावर ओली कापडं समदी काढायची, उघड्या अंगावर सुका सदरा आन वर हिची डोक्यावरनं खोळ. आन त्ये टोपडं कानावरनं वर घ्या. शिकारीला कान उघडं लागत्यात.”

मी घोंगडी काखेत मारली. तिला बोकडासारखा उग्र वास येत होता. “टोपी आईनं घालायला सांगितलीय,” म्हणालो आणि ती मात्र तशीच ठेवली. आईपुढं बमू कोण?

चढण सुरू झाली आणि दहाव्या मिनिटाला माझी गंजी भिजली. अर्ध्या तासात दोन्ही सदरे भिजले. तासाभरानं कोटाच्या आतला कापूस पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. बाकीचे सगळे उघड्या अंगानं, कपडे घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेऊन चालले होते. घाम त्यांनाही येत होता, पण वाऱ्यावर वाळत होता. माझा कोट माझा घाम घरच्या ठेवीसारखा सांभाळत होता.

वाटेत तातोबा मला शिकारीचे नियम सांगत होते. गावातला शिकारीचा कायदा म्हणजे सरकारी कायद्याच्या वरचा. रान उठवणारे खालून ओरडत येणार, डुकरं घळीतून वर पळणार, आणि घळीच्या काठानं आम्ही चौघं बंदूकवाले आपापल्या जागी बसणार. एकदा बसलं की शिकार संपल्याची हाळी येईपर्यंत जागा सोडायची नाही. का, तर जो हलला त्याला दुसरा डुक्कर समजायचा. अगदीच कुणाला कुणाकडं जायची वेळ आली, तर लांबूनच तीनदा कुकारी, म्हणजे लांब हाक, द्यायची आणि उलटी कुकारी आल्याशिवाय पुढं पाय टाकायचा नाही.

“आणि वाटे?” मी विचारलं. मला वाट्यांचंच जास्त कुतूहल होतं.

“माणसाला एक वाटा. कुत्र्याला अर्धा. बंदुकीला एक.”

“बंदुकीला?”

“मग! ती बी राबतीय की. ज्येच्या हातात बंदूक, त्येला दोन वाटे. म्हंजी आज तुमाला दोन.”

मी मनातल्या मनात ते दोन वाटे घेऊन गावातून चाललोसुद्धा.

शेवटच्या टप्प्यावर एक झरा होता. तिथं सगळे पाणी प्यायला थांबले. मी घोंगडी एका करवंदीच्या जाळीवर टाकली आणि निघताना तिथंच विसरलो. विसरलो असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे पुस्तकात लिहिलं होतं की डुकराचं नाक फार तिखट असतं, आणि ती वासाची घोंगडी पांघरून बसलेला शिकारी म्हणून मला माझंच हसू येत होतं. जणू काही डुकरांना माझ्या अंगाच्या चंदनी साबणाचा वास येणारच नव्हता.

बमूनं मला घळीच्या वरच्या टोकाला, दोन खडकांच्या मधे बसवलं. घाईत होता. बाकीच्यांना बसवून त्याला खाली झऱ्याजवळच्या जागेवर जायचं होतं, कारण शिकारीची सूत्रं त्याच्या हातात.

“घोंगडी?” त्यानं विचारलं.

“आहे की,” मी म्हणालो. “घेतो आता.”

त्यानं मान हलवली आणि गेला.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग वारं सुटलं. कोकणातून ढग वर चढून आले आणि बघता बघता समोरची घळ पुसून गेली. पाठोपाठ परतीचा पाऊस आला. मोठा नव्हे, बारीक, आडवा, सुईसारखा. कोटानं आधीच माझा घाम प्यायला होता, आता तो पाऊस प्यायला लागला. चार किलोचा कोट दहा किलोचा झाला. वारा त्या ओल्या कापडातून आरपार जात होता. अंगावर चार थर होते, आणि चारही थर बर्फात बुडवून काढल्यासारखे गार.

मी कानटोपी आणखी खाली ओढली, वरून मफलर गुंडाळला. तेवढी एकच गोष्ट लोकरीची होती आणि तेवढीच ऊबदार होती.

तासाभरानं दात वाजायला लागले. उठून हातपाय झाडावेत तर नियम आडवा. झऱ्यापर्यंत जाऊन घोंगडी आणावी तर वाटेत तातोबांची बंदूक. घोंगडी तिथं दोनशे पावलांवर पडली होती आणि मी इथं तिच्या नावानं कुडकुडत होतो. बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. नंतर तर कुडकुडणंही कमी झालं आणि झोप यायला लागली. मी गुरांचा डॉक्टर. पावसात भिजलेलं वासरू असं शांत झालं की काय होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला खरोखर भीती वाटली. आई डोळ्यापुढं आली. मला वाटलं, ती हा कोट बघून विचारेल, एवढं सगळं घालून गेला होता, मग गारठून कसा मेला?

तेवढ्यात उजवीकडं खालच्या झुडपात काहीतरी हललं.

पाऊस आणि धुकं, त्यामुळं वीस पावलांपलीकडं दिसत नव्हतं. पण झुडूप हललं हे नक्की. मग एक दगड घसरला. आणि मग कारवीच्या झाडोऱ्यातून एक काळी, बुटकी, जाड पाठ वर आली. खाली मान घालून, चारी पायांवर, चिखलातून नेटानं माझ्याकडंच येत होती.

मी बंदूक उचलली. कशी उचलली देव जाणे. नळी खडकावर टेकवली आणि पाठीच्या बरोबर मधे नेम धरला. वीस पावलं, पंधरा पावलं. आंधळ्याचाही चुकला नसता असा नेम. त्या जुन्या बंदुकीचा घोडा आधी अंगठ्यानं मागं ओढावा लागायचा, मगच चाप ओढून उपयोग. मी अंगठा घोड्यावर ठेवला आणि जोर केला.

अंगठा घसरला. घोडा जागचा हलला नाही.

पुन्हा जोर केला. अंगठा माझा आहे असं वाटतच नव्हतं, लाकडाची खुंटी तशी. दोन्ही हातांचे अंगठे लावले. दहा पावलं. तोंडानं मी काय काय शिव्या देत होतो, त्या बंदुकीला, त्या बोटांना, त्या कोटाला. हातातोंडाशी आलेला घास जात होता, तोही माझ्या पहिल्या शिकारीचा. घोडा जरासा मागं आला आणि पुन्हा निसटून जागेवर बसला.

ती काळी पाठ थांबली. मग सावकाश उभी राहिली. घोंगडीची खोळ मागं पडली आणि खाली बमूचा पांढऱ्या खुंटांचा चेहरा दिसला. त्याच्या काखेत दुसरी घोंगडी होती. नवी, करकरीत.

तो बंदुकीच्या नळीकडं बघत होता. मग माझ्या अंगठ्यांकडं त्यानं बघितलं. ते अजून घोड्यावरच होते.

बमू पुढं आला, दोन बोटांनी नळी बाजूला केली, बंदूक माझ्या हातातून सोडवली, नळी उघडून काडतूस काढलं आणि आपल्या कमरेला खोचलं. मग खाली वाकून त्यानं माझा मफलर सोडला आणि कानटोपी डोक्यावरून ओढून काढली.

“झऱ्यावर घोंगडी दिसली. तीनदा कुकारी दिली,” तो म्हणाला. “उलटी आली न्हाई. म्हटलं, गेला का काय डाक्तर गारठून. म्हणून न थांबता आलो.”

मला बोलता येईना. जबडा वळला होता.

“आता काढा त्यो कोट.”

त्यानंच काढला. बटणं माझ्या बोटांना उघडेनात, तेव्हा त्यानं एकेक बटण लहान पोराचं काढावं तसं काढलं. कोट, सदरा, दुसरा सदरा, गंजी, सगळं धबाधब खडकावर पडलं. त्यानं आपल्या घोंगडीच्या कोरड्या पदरानं माझं अंग खसाखसा पुसलं, पाठ लाल होईस्तोवर चोळली. नवी घोंगडी उघड्या अंगाभोवती गुंडाळली, डोक्यावर खोळ केली, आणि मग आपली घोंगडी आम्हा दोघांवर ओढून माझ्या पाठीला पाठ लावून बसला. लोकर टोचत होती. बोकडासारखा वास येत होता. त्या वासाइतकं चांगलं काही मी आयुष्यात हुंगलेलं नाही.

ऊब आली तशी बोटं दुखायला लागली, आणि मग मी रडायला लागलो. आधी हळू, मग हमसून हमसून.

“बमूदादा,” मी म्हणालो, “मी घोडा ओढत होतो.”

“बगितलं मी.”

“तीनदा ओढला.”

“व्हय.”

“ओढला गेला असता तर?”

बमूनं घोंगडी माझ्या खांद्यावर आणखी ओढली. पाठीला त्याचा श्वास लागत होता.

“तुमी माझं ऐकून सुकी कापडं घातली असती, तर हात गरम राहिलं असतं,” तो म्हणाला. “आन कान मातुर आईचं ऐकून असंच बांदून बसला असता, तर आज माझं काय खरं नव्हतं. कुणाचं तरी एकाचंच ऐकायचं बगा, डाक्तर. अर्धं अर्धं ऐकू नगा.” आणि तो चक्क हसला. त्याची पाठ हलली म्हणून मला कळलं.

खालून बार झाला. मग आरडाओरडा, मग शिकार संपल्याची लांब हाळी. बमूनं दोन्ही हात तोंडाशी नेऊन उलटी कुकारी दिली. मी त्या कुकारीचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकला. डोंगर ओलांडून जाईल असा होता.

डुक्कर तातोबांच्या बंदुकीला पडलं होतं. दुपारी ऊन आलं, जसं काही झालंच नव्हतं. धनगरवाड्यापुढं मोठाली पानं अंथरून वाटे घालायला सुरुवात झाली. मी घोंगडीत बसलो होतो. माझा कोट गोठ्याच्या कुडावर वाळत घातला होता आणि त्यातून अजून पाणी ठिबकत होतं. येणारा जाणारा त्याच्याकडं बघून हसत होता.

वाटे बमू घालत होता, तो मान त्याचाच. नाव घ्यायचा, पान पुढं सरकवायचा. माझं नाव आलं. एक पान पुढं आलं.

“डाक्तरांच्या बंदुकीचा?” कुणीतरी विचारलं.

“बंदुकीचा नको,” मी म्हणालो. “माझ्या बंदुकीचा वाटा घालू नका. तिनं काही केलं नाही.”

“खरंच की,” तातोबा हसत म्हणाले. “बार न्हाई, काय न्हाई. डाक्तर नुसतं बसून आलं.”

बमू मांसाच्या ढिगापुढं बसला होता. त्यानं हात थांबवला, आणि ढिगातला सगळ्यात चांगला तुकडा, मांडीचा, उचलून वेगळ्या पानावर ठेवला.

“घालायचा,” तो म्हणाला. “आज समद्यांत मोठं काम तिनंच केलंय. वाजली न्हाई.”

सगळे खो खो हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्यानं डॉक्टरला चांगलीच टपली मारली. मीही मान खाली घालून हसल्यासारखं केलं. ते पान मी दोन्ही हातांनी घेतलं. प्रसाद घ्यावा तसं.

निघताना मी ते पान तसंच घेऊन ठकूबाईच्या दारात गेलो. घोंगडीची घडी करून वर ठेवली.

“हे तुमच्याकडं राहू दे, मावशी,” मी म्हणालो. “आणि जावयाची घोंगडी. माफ करा, चिखल लागलाय.”

तिनं मांस घेतलं, घोंगडी माझ्याच हातात परत दिली.

“न्या. पुढल्या साली लागंल.”

“पुढच्या साली मी नाही येणार शिकारीला.”

“यायला लागंल. त्यांनी आत्ताच सांगितलंय, पुढल्या साली डाक्तर माझ्याच बाजूला बसंल म्हणून.”

ती हातभर पुढं आली. ऊन पडलं होतं, तरी मी सवयीनं कानटोपी पुन्हा घातली होती. ठकूबाईनं दोन्ही हातांनी ती टोपी माझ्या कानांवरून वर सरकवली, सावकाश, एक कान, मग दुसरा कान.

“आन ह्ये उघडं ठेवा, बाबा,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “मला ह्यो एकच म्हातारा हाय.”

मी तिच्या पाया पडलो. तिनं पडू दिलं.

पुढच्या साली मी गेलो, आणि त्याच्या पुढच्याही. बदली होईपर्यंत नऊ वर्षं मी उघड्या अंगानं तो डोंगर चढलो आणि वर गेल्यावर बमूच्या शेजारी खोळ करून बसलो. बंदूक पुन्हा हातात घेतली नाही. त्या गोष्टीबद्दल तो कधी बोलला नाही, ठकूबाईही नाही. गावात कुणाला कळलं नाही. आता ती दोघंही नाहीत, म्हणून सांगतो आहे.

ती घोंगडी अजून माझ्याकडं आहे. तिचा वास गेला, याचं मला वाईट वाटतं. आणि कितीही कडाक्याची थंडी पडली तरी मी कान झाकत नाही. सर्दी होते, बायको ओरडते, या वयात कशाला हा हट्ट म्हणते. मी तिला दरवेळी एकच सांगतो. कुणी हाक मारली तर मला ऐकू यायला हवी.